कॉमन ॲपचा निबंध: तास किती, आठवडे किती?

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी अर्ज करायचा म्हटलं की कॉमन ॲपच्या (एकाच ऑनलाइन फॉर्मवरून अनेक कॉलेजांना अर्ज करायची सोय) मुख्य निबंधाला किती वेळ लागतो, हा प्रश्न येतोच. माझा हिशोब असा: अठरा ते वीस तास, पण सहा ते आठ आठवड्यांत पसरलेले. हेच वीस तास एका सुट्टीत सलग बसून घातले तर हाती वेगळाच निबंध लागतो, आणि तो बहुधा कच्चा असतो. कारण साधं आहे. ताजं लिहिलेलं वाचताना आपण कागदावर काय आहे ते वाचत नाही, मनात काय होतं ते वाचतो. चार-पाच दिवस मध्ये गेले की सुटलेला दुवा आणि उगाच फुगवलेलं वाक्य आपोआप खुपायला लागतं.

निबंधाची मर्यादा २५० ते ६५० शब्द. त्यापुढचा शब्द फॉर्म स्वीकारत नाही. विषय सात दिलेले असतात आणि सातवा म्हणजे ‘तुमच्या आवडीचा विषय’. त्यामुळे कोणता प्रॉम्प्ट, म्हणजे दिलेला विषय, घ्यावा यात वेळ घालवू नका. लिहून झाल्यावर बसेल तो निवडता येतो. हे प्रॉम्प्ट वर्षानुवर्षं फारसे बदलत नाहीत आणि नवीन फॉर्म १ ऑगस्टला उघडण्याच्या बऱ्याच आधी जाहीर होतात. म्हणून जुलैमध्ये सुरुवात करायला काहीच आडकाठी नसते.

सर्वात जास्त वेळ विषय शोधण्यात जायला हवा, आणि नेमका तिथेच सगळे काटकसर करतात. पाच-सहा तास तरी ठेवा, तेही रोज वीस-पंचवीस मिनिटं असे. एका वहीत प्रसंग लिहीत जा: कशावरून भांडण झालं, काय सोडून दिलं, कोणतं काम कुणी न सांगता करता, कोणतं मत बदललं आणि का. मोठं यश किंवा मोठं दुःख असलंच पाहिजे असं अजिबात नाही. दोन आठवड्यांनी यादीतले तीन प्रसंग निवडा आणि प्रत्येकावर न थांबता चाळीस मिनिटं लिहा. ज्यात दोनशे शब्दांनंतरही सांगण्यासारखं शिल्लक राहतं तो तुमचा विषय. ज्यात दीडशे शब्दांतच ‘यातून मी खूप शिकलो’ येतं तो सोडून द्या. असा विषय नंतर कितीही तास घातले तरी उभा राहत नाही.

पहिला खर्डा दोन-तीन तासांत होतो. तो नऊशे-हजार शब्दांचा झाला तर होऊ द्या. लिहितानाच शब्द मोजणारी मुलं तपशील गाळतात आणि ‘चिकाटी’, ‘नेतृत्व’ असे गोलमोल शब्द ठेवतात, कारण ते जागा कमी घेतात. इंग्रजीत अडखळत असाल तर पहिला खर्डा ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत लिहा. मग तो बाजूला ठेवून इंग्रजीत नव्याने लिहा, एकेका वाक्याचं भाषांतर करत बसू नका. याला दोन-तीन तास जादा लागतात, पण ते सार्थकी लागतात.

मग किमान चार दिवस, जमल्यास आठवडाभर, फाइल उघडायची नाही.

दुसऱ्या खर्ड्यात भाषेला हात लावू नका, फक्त बांधणी पाहा. तीन तास धरा. पहिले शंभर-सव्वाशे शब्द झाकून वाचून पाहा; पुष्कळदा निबंध तिथून पुढेच सुरू होतो आणि आधीचा भाग नुसती तयारी असते. दुसरी तपासणी मोजून करायची. आजी, प्रशिक्षक किंवा प्रवास यावर किती शब्द गेले आणि तुम्ही काय केलं, काय विचार केला यावर किती? साडेसहाशेतले चारशे शब्द दुसऱ्या कुणावर गेले असतील तर वाचणाऱ्याला त्या व्यक्तीची ओळख होते, अर्जदाराची नाही. हा दोष फार चांगल्या निबंधांतही सापडतो, कारण प्रेमाच्या माणसावर लिहिताना हात थांबत नाही.

यानंतर दोघांना वाचायला द्या, फक्त दोघांना: एक तुम्हाला चांगलं ओळखणारा, एक फारसा न ओळखणारा. ‘कसा वाटला?’ असं विचारू नका, ‘छान आहे’ इतकंच हाती येईल. ‘वाचून माझ्याबद्दल काय कळलं?’ आणि ‘कुठे लक्ष उडालं?’ हे दोनच प्रश्न विचारा. पाच-सहा जणांना दिलं की प्रत्येक जण आपलं वाक्य घालतो आणि सतरा वर्षांच्या मुलाचा आवाज हरवतो. निबंधाचा मजकूर एआयकडून लिहून घेऊन आपला म्हणून देणं तर कॉमन ॲपच्या नियमांनुसार फसवणूक ठरते.

हजाराचे साडेसहाशे शब्द करायला आणखी दोन-तीन तास. आधी अख्खे परिच्छेद काढता येतात का ते पाहा, विशेषणं नंतर. शेवटी मोठ्याने वाचा. साडेसहाशे शब्दांना साधारण पाच मिनिटं लागतात. जीभ अडखळेल तिथे वाक्य मोडा.

थांबायचं कधी? सलग दोन बैठकांत तेच शब्द इकडून तिकडे होत असतील तर निबंध झाला आहे. प्रत्येक खर्डा तारीख घालून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. सहाव्यापेक्षा तिसरा जास्त तुमचा वाटला तर बिनदिक्कत तिसऱ्याकडे परत जा. असं वारंवार घडतं, कारण फार घासलं की वाक्यं गुळगुळीत होतात आणि माणूस पुसला जातो.

वेळापत्रक कोलमडतं ते मात्र सप्लिमेंटमुळे, म्हणजे एकेक कॉलेज स्वतःचे वेगळे निबंध मागतं त्यामुळे. आठ कॉलेजं आणि प्रत्येकी दोन-तीन छोटे निबंध धरले तर सोळा ते चोवीस तुकडे होतात, म्हणजे मुख्य निबंधापेक्षा कितीतरी जास्त काम. ‘हेच कॉलेज का?’ या प्रश्नाला लिहिण्याआधी तासभर तरी अभ्यासक्रम वाचावा लागतो. परीक्षा सोपी आहे: कॉलेजचं नाव बदलूनही उत्तर तसंच चालत असेल तर ते परत लिहा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज कॉमन ॲपवर नाहीच. तिथे आठपैकी चार प्रश्न, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत, आणि त्यासाठी वेगळे दहा-बारा तास. अर्ली अर्जांच्या (नेहमीच्या मुदतीआधी करायच्या अर्जांच्या) बऱ्याच डेडलाइन १ किंवा १५ नोव्हेंबरला असतात. म्हणून मुख्य निबंध सप्टेंबरअखेर हातावेगळा व्हावा आणि ऑक्टोबर सप्लिमेंटसाठी मोकळा राहावा.

दहाच दिवस उरले असतील तर एकच वाचक ठेवा, पण मधली विश्रांती गाळू नका. दोन रात्री तरी द्या. आणि विषय शोधायला पहिले दोन दिवस पूर्ण वापरा.

फॉर्ममध्ये चिकटवल्यावर पीडीएफ उघडून पाहा, कारण परिच्छेदांमधली मोकळी जागा आणि तिरपी अक्षरं कधीकधी जातात. कॉमन ॲपची डेडलाइन तुमच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११:५९ ला असते, तरी दोन दिवस आधी पाठवा. फी आणि सही या पायऱ्या शेवटी येतात, आणि काही कॉलेजांचं लेखी सप्लिमेंट मुख्य अर्जानंतर वेगळं सबमिट करावं लागतं. ते राहून गेलं तर अर्ज अपुराच राहतो, म्हणून डॅशबोर्डवर दोन्हींपुढे हिरवी खूण आली का ते पाहूनच लॉगआउट करा.