शेणाचं घर काऊन वाहून गेलं?

"गोष्टीच सांगत बसता, मग लिहायला कधी शिकवता?" पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. त्याला जोडून दुसरा: "तिसरीच्या लेकरांना इंजिनिअरिंग कशाला?" परवा शाळेच्या फाटकाशी तुम्हीही तेच विचारलंत आणि घाईत माझं उत्तर अर्धवट राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

माझ्या वर्गात ३४ मुलं. चिऊ-काऊची गोष्ट सगळ्यांना बालवाडीपासून पाठ. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. मोठा पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं. एका जुलैत ही गोष्ट सांगताना "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" इथवर आले, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, माह्या आजीचं घर शेणानं सारवलेलं आहे. काटोलकडे. ते काऊन नाही वाहून जात?"

तिचं होतं न होतं तोच दुसरा म्हणाला, "अन् मेणाचं घर तर उन्हाळ्यातच वितळेल ना!" नागपूरच्या पोराला हे सुचणारच. मधमाशीचं मेण वितळायला ६२ ते ६४ अंश लागतात, पण त्याच्या बरंच आधी ते मऊ पडतं. आणि मे महिन्यात इथे सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, टिनाखालची तर गोष्टच सोडा.

आजीच्या घराचं उत्तर मला ठाऊक होतं. सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांत विषय संपला असता. मी म्हटलं, बांधून बघू.

मग वीतभर उंचीच्या भिंती झाल्या. एक नुसत्या मातीची, एक माती आणि शेणाची. एकानं घरच्या कूलरच्या जाळीतलं जुनं गवत आणलं, ते कापून मातीत मळलं; ती तिसरी. आठवडाभर व्हरांड्यात वाळवल्या. पाऊस म्हणजे एक लिटरची बाटली, झाकणाला खिळ्यानं आठ भोकं. नुसत्या मातीची भिंत वाळतानाच तडकली होती, ती दुसऱ्या बाटलीला बसली. बाकी दोघी पाचव्या बाटलीपर्यंत उभ्या. माती सुकताना आकसते आणि तडा जातो. गवताचे तंतू तिला धरून ठेवतात. शेणातही तेच, गाईला न पचलेल्या चाऱ्याचे तंतू. म्हणजे गोष्टीत ज्याला कच्चं म्हटलं, त्यानंच भिंतीला बळ दिलं होतं! मुलं थक्क झाली.

आजीवाल्या मुलीचं मात्र समाधान होईना. "आजीच्या घराले वळचण आहे न." तिनं संत्र्याच्या पेटीचा पुठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि भिंतीच्या बाहेर दोन बोटं येईल असा छपरासारखा ठेवला. पाणी बाहेर पडलं, भिंत कोरडी. पण खाली पडलेल्या पाण्याचे शिंतोडे उडून भिंतीचं बूड खचायला लागलं. ती तिथेच उकिडवी बसून किती तरी वेळ बघत राहिली. मग मैदानातून चपटे दगड आणले, त्यांच्यावर नवी भिंत उभी केली. जोतं हा शब्द मी त्या वेळी दिला, आधी नाही. हात थांबला की शब्द द्यावा, तो विसरत नाहीत.

आता लिहिण्याचं. पूर्वी मी 'माझे घर' हा निबंध फळ्यावर मुद्दे लिहून द्यायचे. ३४ वह्यांत एकच निबंध यायचा आणि मी तो तपासायचे. ती चूक माझी होती. ज्याला सांगण्यासारखं काही नाही, त्याच्याकडून मी वाक्यं मागत होते. यावेळी म्हटलं, काऊला पत्र लिहा. त्या मुलीनं लिहिलं: "प्रिय काऊ, तुझं घर शेणाचं होतं म्हणून नाही पडलं. त्याला वळचण नव्हती म्हणून पडलं." तिसरीतल्या मुलीनं एक कारण खोडून दुसरं मांडलं. त्या दिवशी मी ते पत्र सगळ्या शिक्षकांना दाखवत फिरले.

पुढे घर बांधायची कृती लिहून शेजारच्याला द्यायची आणि त्यानं वाचून तसंच बांधायचं. कुणी लिहिलं, "थोडं गवत टाक." शेजारी विचारतो, "थोडं म्हंजे किती?" मग खोडून "चार मुठी मातीला एक मूठ गवत" झालं. एकेकानं तीन-तीनदा लिहून काढलं, मी लाल पेन उघडलाही नाही. पहिल्या खर्ड्यात 'माह्या', 'काऊन' राहू देते. आधी म्हणणं कागदावर उतरू दे, प्रमाणभाषेचं नंतर बघता येतं.

ही वाट माझ्या एकटीची नाही. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात 'नॉव्हेल इंजिनिअरिंग' नावानं हेच चालतं: पुस्तकातलं पात्र म्हणजे गिऱ्हाईक, त्याची अडचण मुलांनी सोडवायची. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, तिथे गोष्टीला मोठं स्थान होतं. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करत होत्या. म्हातारीच्या भोपळ्यावरही आम्ही उतार आणि चाकं करतो, पण वेळ नेहमी चिऊ-काऊलाच जास्त जातो.

ती मुलगी पत्र घेऊन सुटीत आजीकडे गेली. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे बाई, पण पश्चिमेकडून झड येते. त्या भिंतीले मी तुराट्यांची ताटी लावतो."

सोमवारी आल्या आल्या तिनं बाटली भरली आणि यावेळी तिरपी धरली.