एकवीस इंचांची वाट

सकाळी सव्वासातला वहिनींचा फोन आला. "मॅडम, आज जरा येऊन जाता का? अण्णांची चादर बदलायचीय, आणि बदलायच्या चादरी त्यांच्याच खाली आहेत."

आधी मला अर्थच लागला नाही. लागला तेव्हा हातातला चहा तसाच ठेवून मी स्कूटर काढली.

सांगलीत शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या या घराचं इंटिरियर मीच केलेलं. कार्पेट एरिया ३४० चौरस फूट आणि माणसं पाच. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, आता घरीच असतात. मुलगा कुपवाडला एमआयडीसीत शिफ्टमध्ये. काकू, वहिनी आणि चौथीतली नात. आधी ही मंडळी गावभागात एका जुन्या घरात भाड्यानं राहायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पुरात यांचं घर गेलं म्हणजे भिंती राहिल्या, आतलं गेलं. पाणी ओसरल्यावर त्या भागातली कितीतरी घरं मी पाहिली. पार्टिकल बोर्डाची कपाटं फुगून फुटली होती, सनमायका सालीसारखी सुटून लोंबत होती. नव्या घराचं काम दिलं तेव्हा काकूंची अट एकच होती, "काही उघड्यावर नको. सगळं झाकून, बंद करून ठेवायचं."

मी ती अट मनापासून पाळली. बेडरूम पावणेनऊ फूट रुंद. भिंतीला लावून पाच फुटी हायड्रॉलिक पलंग, सगळा ७१० मार्काच्या वॉटरप्रूफ प्लायचा, चार इंच पायांवर उचललेला. समोरच्या भिंतीला दोन फूट खोल बैठं कपाट, सरकत्या दारांचं, वरचा फळा नातीच्या अभ्यासाला. त्याच्या वर टांगलेल्या फडताळ्या. मधे उरली एकवीस इंच वाट. पंप लावलेली पलंगाची फळी एका हाताने उचलली जायची, आणि आत जवळजवळ अख्ख्या घराचं सामान मावलं होतं. गाद्या, रजया, पाहुण्यांची भांडी, चादरी, कागदपत्रं. काम संपलं त्या दिवशी काकूंनी माझ्या हातात पेढा ठेवला होता. पुढे कितीतरी जणांना मी या पलंगाचे फोटो दाखवले.

पंधरा दिवसांपूर्वी नातीला शाळेत सोडून येताना अण्णा पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. वानलेस डॉक्टरांनी दवाखाना काढला तेव्हापासून आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे मिरज, तसं मिरजेत ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, खाली बसायचं नाही, बसक्या जागेवरून उठायचं नाही, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. हॉलमधला अण्णांचा दिवाण चौदा इंच उंच. म्हणून मुलाने आणि सुनेने आपली खोली त्यांना दिली. माझा पलंग गादीसकट एकवीस इंच, उंचीला अगदी योग्य. तेवढं एक बरोबर जमलं होतं.

मी पोचले तेव्हा अण्णा छताकडे बघत पडले होते. शुद्धीवर, स्वच्छ दाढी केलेले, पण माझ्याकडे बघेनात. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं.

"तीन दिवस झाले घरी आणून. बेडपॅनवरच आहेत. दवाखान्यात वॉकर घेऊन संडासापर्यंत जात होते की! इथं वॉकरच बसत नाही."

मी टेप काढला. वॉकरची रुंदी पायांपाशी तेवीस इंच. वाट एकवीस.

दोन इंच. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब पैशापर्यंत जुळवले, तो माझ्या दोन इंचांसाठी सुनेकडून बेडपॅन घेत होता. ते मला कळलं तेव्हा पायातलं बळ गेलं. मी काकूंना म्हटलं, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय ठाऊक, ते पडणार म्हणून." पण ठाऊक असायला हवं होतं. सत्तरीतल्या माणसाच्या घराचं काम मी घेतलं होतं.

मिस्त्रींना फोन केला. ते एका स्वयंपाकघराचं काम सोडून आले. "आधी वाट, मग चादरी," ते म्हणाले. बैठं कपाट भिंतीला चार स्क्रूवर होतं. आतलं सामान काढून दोघांनी ते उभं करून हॉलमध्ये नेलं, टीव्हीखाली ठेवलं. वरच्या फडताळ्या तशाच राहिल्या. खोलीची वाट एकदम पंचेचाळीस इंच झाली. नात शाळेत होती. तिचा फळा गेला म्हणून मला वाईट वाटत होतं, पण तिला हॉलच्या खिडकीशी घडीची फळी करून देता येत होती.

अकराला फिजिओथेरपिस्ट आले. त्यांना मी विचारलं, अण्णा तासभर समोरच्यांच्या हॉलमध्ये बसू शकतील का? करवत चालवायची तर धूळ उडणार. ते म्हणाले, हाताची उंच खुर्ची असेल तर चालेल, मधे एकदा उभं करा. समोरच्या काकूंनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची काढली, त्यावर घट्ट उशी ठेवली. अण्णा उभे राहिले. वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. दारातून बाहेर पडताना त्यांनी एकदा थांबून मोकळ्या जागेकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

ते गेल्यावर आम्ही पलंग उघडला. वरच्याच थरात चादरी होत्या. त्याखाली दवाखान्याची फाईल, एक्स-रे आणि रेशन कार्ड. दुसऱ्या दिवशी टाके दाखवायला जायचं होतं आणि फाईल तिथं. मी म्हटलं, "वहिनी, हे पलंगात कसं ठेवलं?"

त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तसं हे आधीपण होतंच. ह्यांची नाईट असली की हे दिवसभर याच पलंगावर झोपायचे. काही लागलं तर मी ह्यांच्या उठण्याची वाट बघायची. कुणाला सांगणार? घर एवढं छान झालेलं."

वर्षभर ती बाई रिकाम्या हाताने दाराशी उभी राहिली होती आणि मी फोटो दाखवत फिरत होते. मापं घेताना मी खोली मोजली, सामान मोजलं. दुपारी दोन वाजता या पलंगावर कोण असतं, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. काकू एवढंच म्हणाल्या, "गावभागातल्या घरात कोनाडा होता, फडताळ होतं. कुणी झोपलं असलं तरी हात घालून वस्तू मिळायची."

पलंगाच्या मोकळ्या बाजूची पट्टी कापायची असं ठरलं. पूर्ण कापली तर पेटी वजनाने वाकेल. म्हणून मिस्त्रींनी दोन्ही टोकांना चार-चार इंच आणि मधला उभा आधार सोडून, दोन फूट लांब आणि नऊ इंच उंच अशा दोन खिडक्या पाडल्या. कडांना पट्टी मारली. कापलेल्या तुकड्यांचीच सरकती दारं केली. ड्रॉवर नंतर करू म्हटलं, तोवर आत चाकांची दोन क्रेट. चादरी, टॉवेल, अण्णांचे कपडे क्रेटमध्ये. वर्षातून एकदा लागणारी भांडी आणि रजया मागच्या अर्ध्या भागात, ती पलंग उचलूनच काढायची. फाईल आणि कागद पलंगात पुन्हा जाणार नाहीत, ते दारामागच्या पिशवीत, हाताच्या उंचीवर.

बाथरूमचं दार आत उघडायचं. आत कुणी पडलं तर त्याच्याच अंगाने दार अडणार. मिस्त्रींनी बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडणारं केलं. भिंतीला स्टीलची दांडी मारली, टाइलच्या मागे वीट आहे याची ठोकून खात्री करून. संडासात उंच बैठकीची खुर्ची मुलाने भाड्याने आणली.

झाडून पुसून होईस्तोवर दीड वाजला. अण्णा परत आले ते थेट पलंगाकडे गेले नाहीत. वॉकर वळवला आणि बाथरूमकडे निघाले. मुलगा मागून जाऊ लागला तर त्यांनी मान हलवून त्याला थांबवलं. दार बाहेरून नुसतं लोटलं गेलं. काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, पदर डोळ्यांना.

या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत. मिस्त्रींनाही मजुरी मीच दिली, तरी त्यांनी अर्धीच घेतली.

निघायच्या आधी अण्णा पडले होते, डोळे मिटून. वहिनी पलंगाशी उकिडव्या बसल्या, दार सरकवलं, क्रेट ओढलं आणि चादर काढली. आवाजाने अण्णांनी डोळे उघडले.

"मिळाली?"

"मिळाली, अण्णा. झोपा तुम्ही."