आमची वाटचाल: आधी कागद, मग कोड

येवल्याचे पैठणी विक्रेते, पिंपळगाव बसवंत-दिंडोरीकडचे द्राक्ष निर्यातदार, अंबड-सातपूरच्या वसाहतीतले लघुउद्योजक आणि पंचवटीतले लॉजवाले, अशा नाशिक जिल्ह्यातल्या ग्राहकांच्या वेबसाइट करत आमची छोटी फर्म उभी राहिली. आज आमच्याकडे कामाची जी शिस्त आहे, ती या मंडळींच्या गरजांतूनच घडत गेली. नव्याने येणाऱ्या मुलामुलींना एचटीएमएल, सीएसएस आणि थोडीफार जावास्क्रिप्ट या वेबसाइट घडवायच्या भाषा येत असतात. काय बनवायचे हे कोणी ठरवले आणि ते कुठे लिहून ठेवले, हे विचारायची सवय मात्र कामावरच लागते. म्हणून सुरुवात आम्ही तिथूनच करून घेतो.

पैठणीच्या दुकानाचे उदाहरण घ्या. ‘साडी’ या एका पानावर काय काय दिसणार, ते आधी कागदावर लिहायचे: रंग, काठ, पदरावरची नक्षी (मोर, मुनिया, कमळ, आसावली), रेशीम, जर, ब्लाउजपीस आहे की नाही, किंमत, किती फोटो. हीच यादी पुढे डेटाबेसमधल्या तक्त्याचे रकाने होते, म्हणून ती ग्राहकासमोर बसून करायची. मग खरा प्रश्न विचारायचा: ही साडी एकच नग आहे का? हातमागावरची पैठणी बहुधा एकेकच असते. दोन गिऱ्हाइकांनी एकाच वेळी तीच साडी निवडली तर कोणाला मिळणार? पैसे भरेपर्यंत ती राखून ठेवायची का, आणि किती मिनिटे? याचे उत्तर सुरुवातीलाच मिळाले तर तक्त्यात स्थिती आणि राखीव वेळ असे दोन रकाने वाढतात, बस्स. साइट तयार झाल्यावर मिळाले तर ऑर्डरची निम्मी रचना उकलावी लागते.

त्यानंतर पेन्सिलने पानांचे आराखडे. फोनची रुंदी ३६० पिक्सेल धरायची, कारण बहुतेक गिऱ्हाईक फोनवरच पाहणार. आराखड्यात मजकूर खरा मराठीच घालायचा. इंग्रजीचा भरताड मजकूर घालून केलेली मांडणी देवनागरी आली की बिघडते. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, म्हणून ओळींची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्तच ठेवावी. अक्षरांमधले अंतर वाढवणारा सीएसएसचा नियम मराठीला लावूच नये; शिरोरेषा तुटते. ग्राहकाकडचा मजकूर अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तो रूपांतरित केला की रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. त्याच्या मुद्रितशोधनाचे तास वेळापत्रकात वेगळे धरा, आणि ते काम मराठी नीट वाचणाऱ्या माणसाकडेच द्या.

वेळापत्रक हंगाम पाहून आखायचे. साधारण जानेवारी ते एप्रिल द्राक्ष निर्यातदाराला फोन घ्यायलाही फुरसत नसते. त्याची मंजुरी लागणारे सारे डिसेंबरच्या आत उरकावे. पैठणीवाल्याची साइट नवरात्रापूर्वी चालू हवी, म्हणजे दिवाळी आणि लग्नसराई दोन्ही हाती लागतात.

मग कामाचे तुकडे. ‘लॉगिन करणे’ हा तुकडा नव्हे. ‘चुकीचा पासवर्ड दिल्यावर मराठीत सूचना दिसणे’ हा तुकडा. एक तुकडा अर्ध्या दिवसापासून दोन दिवसांपर्यंतचा असावा. त्याहून मोठा वाटला तर अजून फोडा. फळ्यावर चार रकाने पुरतात: करायचे, चालू, तपासणीत, झाले. एका माणसाच्या नावावर ‘चालू’मध्ये दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. अंदाज सांगताना तीन आकडे लिहायचे. चौकशीचा फॉर्म सगळे सुरळीत गेले तर ४ तास, बहुधा ६, अडला तर १४. मधल्या आकड्याची चौपट करून तिन्हींची बेरीज करा आणि ६ ने भागा: ७ तास. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या प्रकल्पात १९५० च्या दशकाअखेरीस तयार झाली. नवख्यांना तिचा मोठा फायदा म्हणजे ‘अडला तर’ हा आकडा लिहिताना कुठे अडेल, याचा विचार करावाच लागतो.

एकत्र काम करण्याचा कणा म्हणजे गिट, फाइलींमधला प्रत्येक बदल इतिहासासह जपून ठेवणारी प्रणाली. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नेलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामासाठी ते बनवले. आम्हाला ते दोन माणसांच्या कामातही तितकेच लागते. प्रत्येक तुकड्याला वेगळी ब्रँच, म्हणजे मुख्य कामापासून फुटलेली स्वतंत्र फांदी. सकाळी बसल्याबरोबर मुख्य ब्रँचमधले ताजे बदल ओढून घ्यायचे. कमिट (एका वेळी गिटमध्ये नोंदवलेला बदल) छोटे ठेवायचे आणि संदेशात काय आणि का ते लिहायचे. ‘बदल केले’ असा संदेश पुढे कोणाच्याच कामी येत नाही. दोघांनी एकाच ओळीला हात लावला की ब्रँच एकत्र करताना कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे कोणाचा बदल ठेवायचा हे गिटला ठरवता येत नाही. फाइलमध्ये सात ‘पेक्षा लहान’ चिन्हे, मध्ये सात बरोबर-चिन्हे आणि शेवटी सात ‘पेक्षा मोठे’ चिन्हे दिसतात. वरचा भाग तुमच्या हातातल्या ब्रँचचा, खालचा आत येणारा. घाबरून एक बाजू पुसू नका. ज्याचे बदल आहेत त्याला शेजारी बसवा, दोन्हींचा हेतू समजून घ्या, चिन्हे काढा, पान चालवून पाहा, मगच कमिट करा. बरेच कॉन्फ्लिक्ट तर खोटेच असतात: एकाच्या एडिटरने सेव्ह करताना सगळी फाइल नव्याने मांडली, किंवा विंडोज आणि लिनक्सच्या ओळ संपवण्याच्या खुणा वेगळ्या पडल्या. सगळ्यांचा फॉरमॅटर (कोड एकसारखा मांडणारे साधन) एक ठेवा आणि ओळींच्या खुणांचा नियम प्रकल्पातच लिहून टाका. हा त्रास जातो.

एक गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल गिटमध्ये जाता कामा नये. चुकून गेली, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून काही होत नाही, इतिहासात ती राहतेच. आधी पासवर्ड बदलायचा, साफसफाई नंतर.

तपासणीला एका वेळी कोडच्या दोन-तीनशे ओळींपेक्षा जास्त देऊ नका. त्यापुढे वाचणाऱ्याचे लक्ष टिकत नाही. अडल्यावर अर्धा तास स्वतः झटा, मग विचारा. विचारताना काय करत होतो, काय व्हायला हवे होते, काय झाले आणि एररचा पूर्ण मजकूर, एवढे द्या. स्क्रीनचा तिरपा काढलेला फोटो नको.

ग्राहकाचे निरोप व्हॉट्सॲपवर, त्यातही आवाजी येतात. त्यात वावगे काही नाही. पण त्याच दिवशी तारीख, ठरलेली गोष्ट आणि सांगणाऱ्याचे नाव निर्णयांच्या एका सामाईक तक्त्यात चढलेच पाहिजे. नवी मागणी आली की उत्तर ठरलेले: “शेठ, यादीत घेतो, वेळ आणि खर्च संध्याकाळी कळवतो.” जागच्या जागी ‘हो’ म्हटलेले काम कोणाच्याच चिठ्ठीवर नसते, आणि नेमके तेच राहून जाते.

साइट चालू करण्याच्या आदल्या दिवशी डीएनएसच्या, म्हणजे डोमेनचे नाव सर्व्हरच्या पत्त्याशी जोडणाऱ्या, नोंदीची मुदत (इतर संगणक ती किती वेळ लक्षात ठेवतात) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे मागे फिरावे लागले तर लवकर फिरता येते. बॅकअप घ्या, आणि तो दुसरीकडे उघडून पाहा. डोमेन ग्राहकाच्याच नावावर असावे.

नव्या माणसाला पहिले काम देतो ते प्रकल्पाच्या रीडमीचे, म्हणजे साइट कशी चालू करायची ते लिहिलेल्या फाइलचे. फक्त ती फाइल वाचून आपल्या संगणकावर साइट चालू करायची, कोणाला विचारायचे नाही. जिथे अडेल तिथे रीडमी दुरुस्त करायची, वेगळ्या ब्रँचवर, नीट संदेश लिहून, आणि तपासणीला द्यायची.