हिरवं दिसलं म्हणून

१८ जुलै, वेंगुर्ले

रात्रभर पाऊस. सकाळी टेस्टचा रिपोर्ट उघडला तर अर्ध्यापासून खाली सगळं लाल. पुण्याहून आमच्या प्रोग्रामर तन्मयचा मेसेज येऊन पडलेला, “ताई, बिल्ड फुटला का?” बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, कुठली फुटतेय! ऑफिसच्या विंडोज मशिनवर मी रिमोट डेस्कटॉपने टेस्ट लावून झोपले होते, माउस-कीबोर्ड आपोआप चालवून सॉफ्टवेअर तपासणाऱ्या. इथली लाईट गेली, कनेक्शन तुटलं आणि तिकडच्या सेशनला स्क्रीनच उरला नाही. मग क्लिक करणार कुठे? रिमोटची विंडो नुसती मिनिमाइझ केली तरी हेच होतं. उपाय जुनाच आहे: निघताना टीएसकॉन कमांडने सेशन त्या मशिनच्या कन्सोलवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या स्क्रीनवर टाकायचं. लिनक्सवर एक्सव्हीएफबी हा प्रोग्राम मेमरीतच खोटा स्क्रीन उभा करतो, तिथे ही कटकट नाही.

“लायट इली काय गो?” शेजारच्या काकी कुंपणापलीकडून विचारत होत्या. आली होती. म्हणून वरच्या, पास झालेल्या टेस्ट पुन्हा लावल्या आणि चहा घेत नुसती बघत बसले.

बरं झालं बसले. सॉफ्टवेअर काजू कारखान्यांच्या बिलिंगचं. ग्रेडची यादी उघडली, माउस आपोआप खाली सरकला आणि डब्ल्यू-२४० ऐवजी डब्ल्यू-२१० निवडून मोकळा झाला. पुढे वजन भरलं, सेव्ह केलं, ‘बिल जतन झाले’ असं आलं आणि टेस्टला हिरवी टिक! झालं असं की मागच्या बिल्डमध्ये २१० ही नवी ग्रेड यादीत मध्येच आली आणि खालच्या सगळ्या एकेक ओळ सरकल्या. रेकॉर्ड केलेल्या स्क्रिप्टला ग्रेड ठाऊकच नाही, तिला ठाऊक फक्त स्क्रीनवरचा ठिपका. ग्रेडमधला आकडा म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती काजूगर बसतात तो. आकडा लहान तितका गर मोठा आणि महाग. असं बिल गिऱ्हाइकाच्या हातात पडलं असतं तर वेंगुर्ल्याच्या बाजारात तोंड दाखवायची सोय नव्हती.

१९८३ साली अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश टीममधल्या स्टीव्ह कॅप्सने ‘मंकी’ नावाचा तपासणी प्रोग्राम लिहिला होता. तो मॅकपेंट, मॅकराइट या प्रोग्राममध्ये माउस-कीबोर्ड वाटेल तसे बडवत सुटायचा. बडवता बडवता ‘क्विट’वरही जायचा, म्हणून मंकी चालू असताना क्विट बंद ठेवायची सोय करावी लागली. आमची स्क्रिप्ट म्हणजे तेच माकड, फक्त पाठांतर केलेलं. त्या माकडाने निदान बिल बरोबर असल्याचा दाखला तरी कधी दिला नाही.

दुपारी तन्मयला फोन केला. यादीतल्या प्रत्येक ओळीला नाव आणि ऑटोमेशन आयडी हवा म्हटलं, म्हणजे टेस्ट ठिपक्याऐवजी नावाने ओळ शोधेल. तो म्हणाला, “ताई, ती यादीची ग्रिड आम्ही तयार कंट्रोल न वापरता कोडने चित्रासारखी रंगवलीय. बटणं-याद्या दुसऱ्या प्रोग्रामना दाखवणाऱ्या विंडोजच्या यूआय ऑटोमेशनला आत काही दिसतच नाही.”

“मग स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएलाही दिसत नसणार. दृष्टी नसलेल्या माणसाने बिल कसं करायचं रे?”

यावर तो गप्प. थोड्या वेळाने त्यानेच एनव्हीडीए लावून पाहिलं आणि कळवलं की एकही ग्रेड वाचली जात नाही. कामाच्या यादीत ते आता वर गेलंय. माझ्या विनंतीने गेलं असतं असं वाटत नाही.

तोवर सेव्हच्या मेसेजवर भिस्त ठेवायची नाही. प्रत्येक टेस्टच्या शेवटी डेटाबेसमधून बिल परत उचलायचं आणि ग्रेड, वजन, दर तिन्ही ताडून बघायचे. विक्रीच्या टेस्टना आज लावलं, खरेदीच्या उद्या.