बाबांचं एनपीएच, आणि सोबत निघालेलं अल्झायमर

एनपीएच म्हणजे नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस, यात मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठून त्या फुगतात. बाबा ७६ वर्षांचे. आधी त्यांना पार्किन्सन सांगितलं होतं, कारण पावलं आखूड पडायची, वळताना अडखळायचे. पण पार्किन्सनच्या लेव्होडोपा गोळीचा डोस वाढवत नेला तरी चालण्यात काही म्हणता काही फरक नाही, उलट लघवी थांबेना आणि विसरणंही वाढलं. मग दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी गोळ्यांची फाईल बाजूला ठेवली आणि बाबांना नुसतं चालायला लावलं. हात नीट हलतायत, कापत नाहीत, पण पाय फाकवून टाकतायत आणि जमिनीला चिकटल्यासारखे उचलतच नाहीत, हे त्यांनी आम्हाला दाखवलं. एमआरआय करा म्हणाले.

एमआरआयमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. आता म्हातारपणी मेंदू आक्रसतो तेव्हाही त्या मोठ्या दिसतात, त्यामुळे एवढ्यावरून ठरत नाही, इव्हान्स इंडेक्स (कवटीच्या रुंदीच्या मानाने पोकळी किती रुंद) ०.३ च्या वर आहे का, कॉलोसल अँगल (दोन बाजूंच्या पोकळ्यांमधला कोन) ९० अंशांपेक्षा कमी आहे का, मेंदूच्या वरच्या बाजूच्या घड्या दाबल्या गेल्यात का हे सगळं बघतात. बाबांचं सगळं एनपीएचकडे झुकत होतं. फक्त हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग, तोसुद्धा बारीक झाला होता, आणि ते लक्षण अल्झायमरचं.

मग टॅप टेस्ट, म्हणजे पाणी काढल्यावर चालणं सुधारतं का ते बघायचं. कमरेतून, मणक्यातून मेंदूचं हेच पाणी साधारण ३० ते ५० मिली काढतात, आणि त्याच्या आधी नि नंतर चालण्याची वेळ मोजतात, म्हणजे खुर्चीतून उठायचं, ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. आम्ही दोन्ही वेळा व्हिडिओ काढले, तुम्हीही काढाच, कारण घरच्यांना आशेपोटी नसलेला फरकसुद्धा दिसतो. दुसऱ्या दिवशी बाबांची पावलं खरंच लांब पडत होती. स्मरणशक्तीची टेस्ट मात्र होती तिथेच.

तेच पाणी अमायलॉइड आणि टाऊ या अल्झायमरशी संबंधित प्रोटीन्ससाठी लॅबला पाठवलं होतं. अमायलॉइड कमी, टाऊ वाढलेला. नुसतं अमायलॉइड कमी असतं तर डॉक्टरांनी फार मनावर घेतलं नसतं, एनपीएचमध्ये ते अल्झायमर नसतानाही कमी येऊ शकतं म्हणे. पण एनपीएचमध्ये टाऊही सहसा कमीच येतो, आणि यांचा वाढलेला, म्हणून दोन्ही आजार एकत्र असणार असं त्यांचं मत पडलं. वयस्कर पेशंटमध्ये हे दुर्मिळ नाही, शंट (जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी) टाकताना मेंदूचा बारीक तुकडा तपासला तर बऱ्याच जणांत अल्झायमरच्या खुणा सापडतात.

इथे घरात वाद झाला. दादाचं म्हणणं, अल्झायमर आहेच तर या वयात कवटीला भोक कशाला पाडायचं? मला उलट वाटत होतं, आणि डॉक्टरांनी प्रश्न सरळ मांडला म्हणून सुटला. शंटने सगळ्यात जास्त सुधारतं ते चालणं, लघवीला बऱ्यापैकी फायदा होतो, स्मरणशक्तीचा भरवसा सगळ्यात कमी, आणि अल्झायमर सोबत असेल तर अजूनच कमी. म्हणजे बाबा स्वतः उठून बाथरूमला जाऊ शकले तर तुम्हाला ते पुरेसं आहे का, एवढंच ठरवायचं होतं. आईने एका वाक्यात सांगितलं, मला ते उचलवत नाहीत. झालं, निर्णय झाला.

शंटची नळी डोक्यातून पोटात जाते, व्हॉल्व्ह कातडीखाली असतो आणि त्याचं प्रेशर बाहेरून चुंबकाने बदलता येतं (म्हणूनच कधीही एमआरआय झाला की सेटिंग तपासून घ्या, हे आम्हाला नर्सने सांगितलं). पाणी जास्त वाहिलं तर मेंदूभोवती रक्त साठू शकतं, म्हणून सुरुवातीला प्रेशर मुद्दाम जास्त ठेवून हळूहळू उतरवलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगा.

बाबा काठी घेऊन चालायला लागले, रात्रीचे डायपर सुटले. नावं विसरणं चालूच आहे आणि वाढतंय, त्यासाठी डोनेपेझिल वेगळी सुरू आहे. आता अलीकडे पावलं परत आखूड व्हायला लागलीत. नातेवाईक म्हणतात अल्झायमर वाढला, डॉक्टर म्हणतात आधी शंट चालू आहे का ते बघू. पुढच्या आठवड्यात सीटी आहे, नळी ठीक निघाली तर प्रेशर अजून एक पायरी खाली आणणार आहेत.