उलटी खोचलेली जास्वंद

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंकडून जास्वंदीच्या चार काड्या आणल्या आणि गडबडीत त्यातली एक चक्क उलटी खोचली. वरून पाण्याची बाटली कापून झाकली आणि विसरले. महिन्याभराने बघते तर तिघींना पानं फुटलेली, चौथीचं वरचं टोक मात्र पांढरट सुजलेलं आणि त्यातून तांदळाएवढी दोन मुळं हवेत! माती कुठेय याच्याशी हिला घेणंदेणंच नाही, झाडावर असताना जी बाजू खाली होती तीच हिची खालची.

हे जुनंच आहे म्हणा, जर्मनीत फ्योख्टिंग नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये विलोच्या फांद्यांचे तुकडे उलटे टांगून हेच दाखवलं होतं, प्रत्येक तुकड्याला स्वतःचं वर-खाली असतं, म्हणजे ही गोष्ट पेशीतच असणार.

आणि पेशीत ती आहेच. शेंड्याकडे बनलेलं ऑक्झिन, म्हणजे झाडाचं वाढीचं संप्रेरक, पेशी-पेशीतून खाली उतरतं, ताशी साधारण एक सेंटीमीटर, आणि तुकड्याच्या खालच्या टोकाशी साठलं की तिथे मुळं फुटतात. पेशीभित्तिका जरा आंबट असते, पीएच साडेपाचच्या आसपास, तिथे थोड्या ऑक्झिनवर चार्ज नसतो म्हणून ते आत सटकतं, पण आत पीएच सात, चार्ज आला की अडकलं, पार अभिमन्यू. बाहेर पडायला पिन नावाची प्रोटीन्स लागतात, आणि खोडातल्या पेशींत ती मुख्यतः खालच्या बाजूला बसलेली असतात. नाव कशावरून, तर अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात हे जीन बिघडलं की फुलांऐवजी टाचणीसारखा नुसता दांडा येतो.

मला वाटायचं पिन एकदा खिळ्यासारखी ठोकली की झालं, पण नाही, पेशी ती सारखी आत ओढते आणि परत त्याच बाजूला नेऊन बसवते. ब्रेफेल्डिन, म्हणजे पेशीतली प्रोटीन्सची ने-आण अडवणारं रसायन, दिलं की मुळांच्या पेशींत पिन आतच गुठळी करून बसतात, धुऊन टाकलं की मुकाट जागेवर. पेशीभित्तिका काढली तर मात्र ही शिस्त मोडते. शिवाय पिन कुठे बसायचं हे काही अंशी ऑक्झिनच ठरवतं, आणि ऑक्झिन कुठे जायचं ते पिन, म्हणजे आधी कोंबडी की अंडं.

चौथी काडी मी हळूच सुलटी केली. आता तिला तीन पानं आहेत, आणि काकूंना अजून काही सांगितलेलं नाही.