जड जिभेचा फिटर

चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, मी उठलो की मंडळीतली अर्धी माणसं खाली बघायला लागतात. वाईट मनानं नव्हे, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मी अडखळत बोलतो. 'प' आणि 'म' वर जास्तच. म्हणजे नेमका 'प्रभू' म्हणताना अडकतो, आणि गाव विचारलं की 'मिरज' म्हणताना.

आमचं घर मिशनच्या आवारातलं. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना सुरू केला, पुढं पणजोबा तिथं सुतारकामाला लागले. खाटा, स्टुलं, कुबड्या करायचे. आजोबा वॉर्डबॉय, वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. ही चढती कमान बघता माझी जागा पुलपिटावरच, उपदेशाच्या व्यासपीठावरच, ठरलेली होती. आमच्यात 'सेवा' म्हटलं की पाळकी, आणि 'पाचारण', म्हणजे देवाचं बोलावणं, म्हटलं की तेही पाळकीचंच. फिटरला पाचारण असतं असं कुणी बोलत नाही.

गेलो मी पाळकीचं शिकायला. दुसऱ्या सहामाहीत सरावाचा उपदेश होता, दहा-बारा पोरांपुढं. 'परमेश्वर' म्हणताना असा अडकलो की मागं कुणीतरी खोकलं, मग आणखी एक खोकला. मी शास्त्र मिटलं आणि खाली बसलो. महिन्याभरात ट्रंक घेऊन घरी. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी मला बायबलमधल्या मोशेची गोष्टही सांगितली नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. कारण बाकी सगळ्यांनी सांगितली. मोशेसुद्धा जड जिभेचा होता, तरी देवानं त्यालाच मिसरच्या राजाकडं, फारोकडं पाठवलं. खरं आहे, पण त्याच्या वतीनं बोलायला भाऊ दिला होता, अहरोन. माझा भाऊ एसटीत कंडक्टर. तो माझ्या वतीनं काय बोलणार, 'पुढं सरका'?

मग आयटीआय, फिटर ट्रेड. मिरजेच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला लागलो, तिथं गॅस कटिंगचं काम चालायचं. फोरमनला सगळे चाचा म्हणायचे. पाच वेळा नमाज पढणारा, आणि मधल्या वेळात आम्हाला शिव्या घालणारा माणूस. पहिल्याच आठवड्यात ग्रीसच्या हातानं मी ऑक्सिजनच्या बाटल्याचा व्हॉल्व्ह धरला, तर ओल्या फडक्याचा फटका हातावर बसला. म्हणाला, "तेलाचा हात बाटल्याला लावलास तर तुझ्या मातीला प्रार्थना घ्यायला तुझ्याच बापाला यावं लागंल." दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला तेल मिळालं की ठिणगी लागत नाही, ते आपलं आपण पेटू शकतं. हे मला त्या फटक्यानं कळलं. पुस्तकात नंतर वाचलं. व्हॉल्व्ह हळू उघडायचा, एकदम उघडला की दाबानं आतलं तापतं, हेही चाचांचंच. सात वर्षं मी तिथं होतो, आणि त्या सात वर्षांत एकदाही मला वाटलं नाही की देव माझ्याकडून कसली तयारी करून घेतोय. मला वाटायचं, देवानं आपल्याला बाजूला काढून ठेवलंय.

आता एप्रिल २०२१. सांगलीतल्या एका खासगी कोविड सेंटरला मी मेंटेनन्सला होतो, रात्रपाळी. मागं पत्र्याच्या शेडमध्ये मॅनिफोल्ड, म्हणजे ऑक्सिजनच्या बाटल्या वॉर्डच्या लाइनला जोडायची मांडणी. डावीकडं दहा जम्बो, म्हणजे मोठ्या बाटल्या, उजवीकडं दहा. एक बाजू चालू, दुसरी भरून तयार. एका जम्बोत साधारण सात हजार लिटर गॅस. वर तीसेक पेशंट, कुणाला मिनिटाला आठ लिटर, कुणाला पंधरा, जोरानं ऑक्सिजन देणाऱ्या हाय फ्लोच्या एकेका मशीनला चाळीस-पन्नास. सगळं मिळून मिनिटाला साडेचारशे लिटर धरा. म्हणजे दहा बाटल्यांची एक बाजू अडीच तासांत खलास. घड्याळ बघायची गरजच नव्हती, रात्रीचा हिशेब बाटल्यांवर चालायचा.

२१ तारखेला नाशिकची बातमी आली. टाकीतून गळती झाली, पुरवठा थांबला, २२ पेशंट गेले. घरी टीव्हीसमोर सगळे गप्प. बायको म्हणाली, "अहो, जायच्या आधी प्रार्थना करून जावा." मी हो म्हटलं आणि केली नाही. शेडमध्ये जाऊन साबणाचं पाणी केलं. एका मगात पाणी, त्यात साबण, आणि घरून नेलेला नवा दाढीचा ब्रश. एकेका सांध्याला फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं. बाटल्यांना जोडणाऱ्या वीस नळ्या म्हणजे पिगटेल, दाब कमी करणारे दोन रेग्युलेटर, आणि सगळ्या नळ्या जिथं मिळतात त्या हेडर पाइपचे सगळे जोड. पहाटेपर्यंत ते केलं. गळती नव्हती. पण डाव्या बाजूला दोन ठिकाणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नव्हते, बाटली सोडवली की हेडरमधून गॅस उलटा येत होता. त्या दोन जागांवर तांबड्या मार्करनं ठिपका दिला आणि रजिस्टरला लिहिलं. सुटे भाग मिळायचे ते दिवस नव्हते. रेग्युलेटर मात्र मी फक्त बाहेरून तपासले. आतून काय झालंय हे फेसानं कळत नाही.

२५ एप्रिल, रविवार. रात्रीचे दोन वीस. डाव्या बाजूचा दाब दीडशे किलोवरून वीसवर आला होता. नेहमीप्रमाणं उजवी उघडली, डावी बंद केली आणि लाइनच्या गेजकडं बघितलं. चार पॉइंट दोन हवं. चार. तीन आठ. तीन चार. उजव्या बाटल्या फुल्ल, पण रेग्युलेटर गॅस पुढं सोडेना. अलार्म वाजायला लागला. त्याचा आवाज अगदी पोराच्या खेळण्यासारखा होता, हे मला तेव्हासुद्धा जाणवलं.

डावी परत उघडली. काटा तीन एकवरून वर सरकला. पण डावीकडं वीस किलोच दाब उरलेला, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. वॉर्डला फोन लावला. सिस्टरांनी उचलला आणि माझ्या तोंडून "प... प... प..." 'प्रेशर' म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "कळलं दादा, अंबू बॅग काढते, छोट्या बाटल्या लावते," आणि फोन ठेवला. अंबू बॅग म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. कधी कधी अर्धं बोललेलंही पुरतं.

हाताखाली दोन पोरं. एक बुधगावचा, दुसरा शेडमधला हमाल. दोघं उजवीकडच्या सगळ्या बाटल्या सोडवायला धावले, दहाच्या दहा डावीकडं आणायच्या म्हणून. साठ-सत्तर किलोचा एकेक बाटला. मीही धावलो असतो. पण एकाएकी डोक्यात आकडा आला, सात हजार भागिले साडेचारशे. एक बाटली म्हणजे पंधरा मिनिटं. दहा नको, आत्ता एक हवी. एक लावली की दुसरीला वेळ मिळतो, दुसरी लावली की श्वास मिळतो. आमचा आणि वरच्यांचाही.

ठिपक्याच्या दोन जागांना हात लावायचा नाही हे पोरांना खुणेनं सांगितलं. त्यांचे व्हॉल्व्ह आधी बंद केले. तिसरी जागा धरली. नट जाम. पाना घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. बुधगावचा पोरगा हुशार, त्यानं कोपऱ्यातला तेलाचा डबा उचलला, ट्रॉलीच्या चाकांना घालायचा तो, आणि नळी नटावर टेकवली.

"तेल नको! डबा टाक! बाहेर फेक!"

पोरानं डबा शेडच्या दाराबाहेर भिरकावला. तो पत्र्यावर आपटला. मी नट धरून तसाच उभा. पोरगा माझ्याकडं बघत होता, डब्याकडं नव्हे. नंतर मला म्हणाला, "दादा, तुम्ही सलग बोललासा." मला कळलंच नव्हतं. पाळकसाहेब पुढं त्याला चमत्कार म्हणाले. मी म्हणतो, ते चाचांचं ओलं फडकं होतं. वीस-बावीस वर्षांनी ते पुन्हा हातावर बसलं. दोन्ही एकच असेल, तर त्याला माझी ना नाही.

नट सुटला, पहिली भरलेली बाटली लागली, व्हॉल्व्ह हळू उघडला. काटा चारवर आला. मग दुसरी. मग घाई संपली. आठही लावायला जवळजवळ पाऊण तास लागला. तोवर लाइन कुठं तुटली नाही.

सकाळी सातला वॉर्डमधून निरोप, चौदा नंबरच्या फ्लोमीटरची पाण्याची बाटली गळतेय. पीपीई चढवून वर गेलो. चौदावर एक म्हातारे, गळ्यात तुळशीची माळ, तोंडावर मास्क. मी बाटलीचं झाकण बसवत होतो तेवढ्यात त्यांनी माझा हातमोजा धरला. सिस्टरांनी त्यांना काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. म्हणाले, "तू ख्रिस्ताचा हैस न्हवं? तुझ्या देवाला कायतरी सांग माझ्यासाठी. इठूला मी सांगितलंय."

पाळकाचा पोरगा मी. घरात हजारो प्रार्थना ऐकलेला. एक वाक्य सुचेना. शेवटी जी प्रार्थना तोंडपाठ होती तीच धरली. "आमच्या स्वर्गातील प... पित्या" म्हणेपर्यंतच घाम फुटला. पुढचं सगळं गडबडलं आणि गाडी एकदम "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" वर येऊन थांबली. त्यापुढं काही आठवेना. आमेन म्हटलं.

म्हातारे मास्कच्या आत हसले. "भाकरी मागितलीस व्हय? बरं केलंस. हितं निस्ती खिचडी देत्यात."

तिसऱ्या दिवशी पुन्हा वर गेलो तेव्हा चौदा नंबरवर दुसरं कुणीतरी होतं. मी विचारलं नाही. त्या आठवड्यात वॉर्डातून घरीही माणसं गेली आणि मागच्या दारानंही गेली. लाइनमध्ये दाब होता, तरी गेली. म्हणून 'त्या रात्री देवानं सगळ्यांना वाचवलं' अशी साक्ष मला देता येत नाही. माझ्या भागाचं काम मला दिलं होतं आणि त्यापुरती हत्यारं आधीच हातात ठेवली होती, एवढंच मी बोलू शकतो. तेही अडखळत.

७ ऑक्टोबरला प्रार्थनास्थळं उघडली. त्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलच्या निर्गम पुस्तकातला बसालेल काढला. आमच्याकडं सहसा कुणाला आठवत नाही तो. मोशे पर्वतावर गेला, अहरोन बोलला, पण निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, बांधायची वेळ आली तेव्हा देवानं यहूदा वंशातल्या या कारागिराला नावानं बोलावलं, आपल्या आत्म्यानं भरलं. सोनं, रुपं, पितळ, लाकडाचं कोरीवकाम. जोडीला दान वंशातला अहलियाब. बसालेलनं उपदेश केल्याचं कुठं लिहिलेलं नाही. मला पणजोबांच्या कुबड्या आठवल्या. नंतर अहलियाबच्या जागी चाचा दिसायला लागले, दाढी आणि फडक्यासकट, आणि हसू आवरेना.

मग पाळकसाहेब म्हणाले, आपल्यातलेच एक बंधू साक्ष देतील. मी उठलो. माणसं खाली बघायला लागली. मी सुरुवात केली, "प... प..." आणि सोडून दिलं. म्हटलं, "नट जाम होता. सुटला." आणि बसलो. वडील पहिल्या बाकावर होते. ते खाली बघत नव्हते.

उपासना संपल्यावर चहाला उभा होतो. पाळकसाहेब कपबशी घेऊन जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं आता मोशे येणार.

"बोअरची मोटर घरघरतेय रे दीड वर्षापासून," म्हणाले. "बघतोस का?"

पाना गाडीच्या डिकीतच होता.